मिक्स करताना भरदार, एक्सपोर्ट केल्यावर बसका: बिघाड शोधायचा कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ऐरोलीच्या घरी तुम्ही भजनी मंडळाचे अभंग रेकॉर्ड करता. रीपर हे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर, माइकचा आवाज संगणकात नेणारा दोन चॅनेलचा इंटरफेस, हेडफोन आणि हेडफोनचा तोल सुधारणारं करेक्शन प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचं छोटं साधन) एवढं सामान. मिक्स करताना पखवाज भरदार, बुवांचा आवाज पुढे, टाळ खणखणीत. एमपीथ्री काढून फोनवर घेतली की सगळं बसकं होतं, टाळ चरचरतात, बुवा मागे सरकतात. ३२० बिटरेटची (म्हणजे दर सेकंदाला ३२० किलोबिट) एमपीथ्री काढूनही काही फरक पडला नाही. मंडळातल्या कुणीतरी सांगितलं की सॉफ्टवेअरच बदला. बदलावं का?

बदलू नका. ट्रॅकची बेरीज करणं हे सगळ्याच रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरसाठी साधं गणित आहे आणि त्या गणितात रीपर, क्युबेस, लॉजिक, एफएल स्टुडिओ यांच्यात डावं-उजवं करण्यासारखं काही नाही. तेच ट्रॅक प्लगइन न लावता सारख्या लेव्हलला दोन सॉफ्टवेअरमध्ये लावले आणि एकाचा निकाल दुसऱ्यातून वजा केला, तर हाती शांतता उरते. कधी फरक ऐकू आलाच, तर तो बहुतेकदा पॅनच्या, म्हणजे आवाज डाव्या-उजव्या बाजूला ठेवण्याच्या, नियमाचा असतो. मधोमध ठेवलेला ट्रॅक एक सॉफ्टवेअर आहे तसाच ठेवतं, दुसरं तो तीन डीबी (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) उतरवतं. ते सेटिंग जुळवलं की फरकही मिटतो.

तुमच्या एका तक्रारीत दोन वेगळ्या शंका गुंतल्या आहेत आणि त्या आधी सोडवायला हव्यात. पहिली शंका: सॉफ्टवेअर जे वाजवत होतं तेच फाईलमध्ये उतरलं का? दुसरी: फाईल बरोबर उतरली असेल, तर ती कानापर्यंत वेगळ्या वाटेने येते आहे का? ठाण्याच्या नौपाड्यात माझं मिक्सिंगचं छोटं काम आहे. भजन, भावगीत, मंडळांची गाणी हेच जास्त येतं. ही तक्रार घेऊन येणाऱ्यांची अडचण बहुतेक वेळा दुसऱ्या शंकेत असते आणि खटपट मात्र पहिलीवर चाललेली असते. बिटरेट वाढव, सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो दर) वाढव, प्लगइन बदल. म्हणून आधी चाचणी, मग इलाज.

चाचणी अशी करा. एमपीथ्री बाजूला ठेवा, फक्त वेव्ह (कॉम्प्रेस न केलेली फाईल) काढा. रीपरच्या रेंडर (एक्सपोर्ट) खिडकीत वेग निवडायची सोय असते. तोच मिक्स एकदा फुल स्पीड ऑफलाइनने काढा आणि एकदा ऑनलाइन रेंडरने, म्हणजे गाणं वाजत असताना जसं जातं तसं. दोन्ही वेळा ३२ बिट फ्लोट (शून्याच्या वरची लेव्हलही न कापता साठवणारा प्रकार) ठेवा, सॅम्पल रेट प्रोजेक्टचाच ठेवा, डिथर (बिट कमी करताना मिसळली जाणारी बारीक खरखर) बंद. मग कोरा प्रोजेक्ट उघडा. त्यात एकही प्लगइन नको, सगळे ट्रॅक जिथे एकत्र होतात त्या मास्टरवरसुद्धा नको. दोन्ही फाईली दोन ट्रॅकवर अगदी सुरुवातीला टेकवून ठेवा आणि एका ट्रॅकवरचं फेज उलटवायचं बटण दाबा, म्हणजे एक फाईल दुसरीतून वजा होते. शून्यावर तिरकी रेघ असलेलं ते बटण आहे. आता प्ले करा.

मीटर हललंच नाही, तर ऑफलाइन एक्सपोर्ट प्रामाणिक आहे आणि त्याच्यावरचा संशय सोडून द्या. काही ऐकू आलं, तर काय उरलंय ते नीट ऐका. नुसती धुकट रिव्हर्बची (घुमाऱ्याची) लाट उरली असेल तर घाबरायचं कारण नाही. बऱ्याच रिव्हर्ब आणि कोरस (आवाज दाट करणाऱ्या) प्लगइनमध्ये मुद्दाम थोडी अनियमित हालचाल ठेवलेली असते, त्यामुळे प्रत्येक वेळी निकाल किंचित वेगळा येतो. पण बुवांचा एखादा शब्द स्पष्ट ऐकू आला, तानपुरा मध्येच उगवला किंवा पखवाजाचा एखादा ठोका सुटा वाजला, तर तिथे खरी गडबड आहे. तानपुरा, स्वरमंडळ सॅम्पल लायब्ररीतून वाजवत असाल तर पहिला संशय तिच्यावर घ्या. डिस्कवरून सॅम्पल वाचत वाचत वाजणारी लायब्ररी वेगाच्या एक्सपोर्टमध्ये कधीकधी मागे पडते आणि सूर गळतात. त्यावर उपाय सोपा: तो ट्रॅक आधी ऑडिओ करून घ्या आणि मगच मिक्स काढा. सॅच्युरेशनची (आवाजाला उबदार धार देणारी) काही प्लगइन रेंडर करताना आपसूक वरच्या दर्जावर जातात, तिथेही थोडा फरक उरतो. तो सहसा चांगल्या बाजूचा असतो.

या चाचणीला एक मर्यादा आहे आणि तुमच्या बाबतीत तीच महत्त्वाची ठरेल असं मला वाटतं. रीपरमध्ये मॉनिटरिंग एफएक्स नावाची वेगळी जागा आहे. तिथे बसवलेलं प्लगइन फक्त ऐकताना चालतं, रेंडरमध्ये जात नाही, ना ऑफलाइन ना ऑनलाइन. करेक्शन प्लगइनची योग्य जागा तीच. तुम्ही ते तिथेच बसवलं असणार असं धरून पुढचं लिहितो. मास्टरवर बसवलं असेल तर गोष्ट वेगळी होते, ती खाली सांगितली आहे.

करेक्शन प्लगइन हेडफोनचे खड्डे भरतं आणि उंचवटे छाटतं. कुठलीतरी फ्रिक्वेन्सी वर उचलायची तर आवाज फाटायची भीती असते, म्हणून ते आधी सगळंच काही डीबी खाली उतरवून घेतं. किती, ते हेडफोनच्या मॉडेलवर अवलंबून. आता तुमच्या मास्टरच्या मीटरकडे बघा. समजा पीकचा (आवाजाच्या सर्वात उंच टोकाचा) आकडा शून्याच्या वर २.४ डीबी दिसतोय. सॉफ्टवेअरच्या आत फ्लोटचं गणित चालतं, त्यामुळे शून्याच्या वर जाऊनही काही कापलं जात नाही. मॉनिटरिंगमधलं करेक्शन ते सहा डीबी उतरवतं, म्हणजे इंटरफेसकडे साधारण उणे ३.६ जातात. तुम्हाला स्वच्छ ऐकू येतं आणि तुम्ही समाधानाने एक्सपोर्ट करता. २४ बिटच्या फाईलमध्ये मात्र करेक्शन नाही आणि शून्याच्या वर जागाही नाही. वरचं सगळं सपाट कापलं जातं.

कापलं काय जातं तेही बघा. अभंगात सगळ्यात उंच पीक येतात ते समेवर पखवाजाची थाप आणि सगळ्यांचे टाळ एकदम पडतात तिथे. म्हणजे फाटतात ते नेमके टाळच. तुम्ही ज्याला चरचर म्हणता ती बहुधा हीच. आणि ३२० च्या एमपीथ्रीने फरक का पडला नाही याचंही उत्तर यात आहे: नुकसान एमपीथ्री व्हायच्या आधीच झालंय, चांगला बिटरेट ते नुकसान निष्ठेने जपून ठेवतो. हा माझा तर्क आहे. खात्री करायला एक मिनिट पुरेल. करेक्शन बंद करा आणि फक्त मास्टरच्या मीटरवरचा सर्वात वरचा आकडा बघा. लाल असेल तर सापडलं.

तो आकडा खाली आणायचा तर नुसता लिमिटर (ठरलेल्या पातळीच्या वर जाणारा आवाज दाबणारं प्लगइन) लावून मोकळे होऊ नका. लिमिटरमध्ये जाण्याआधीच ट्रॅक उतरवा. सगळे ट्रॅक एकत्र निवडून सहा डीबी खाली आणले तरी मिक्सचा तोल तसाच राहतो, फक्त हेडफोनचा आवाज थोडा वाढवावा लागतो. त्यानंतर लिमिटर सगळ्यात शेवटी, छत उणे १ डीबी ट्रू पीकवर (दोन नमुन्यांच्या मधली उंचीही धरणारा पीक). हे उणे १ कशासाठी? एमपीथ्री किंवा एएसी (एमपीथ्रीसारखाच दुसरा प्रकार) करताना लाटेचा आकार थोडा बदलतो आणि पीक मूळ फाईलपेक्षा वर उसळतात. शून्याला टेकवलेली वेव्ह एमपीथ्री झाल्यावर शून्याच्या पार जाते.

लिमिटर किती दाबतोय याच्यावर मात्र डोळा ठेवा, कारण बुवा मागे सरकण्याचं दुसरं कारण तिथे असू शकतं. पखवाजाच्या प्रत्येक थापेला लिमिटर सहा-सात डीबी दाबत असेल, तर त्या क्षणी त्याच्यासोबत गाणंही दबतं. थाप संपल्यावर गाणं वर येतं, पुढच्या थापेला पुन्हा खाली जातं. कानाला ते सरळ कळत नाही, गायक दमल्यासारखा वाटतो एवढंच. अभंगाला मी दोन-तीन डीबीच्या वर लिमिटर जाऊ देत नाही. जास्त गरज पडली, तर ती थाप पखवाजाच्या ट्रॅकवरच सावरतो. खूप मोठा आवाज करून फायदाही नाही. यूट्यूब आणि स्पॉटिफाय दोन्ही साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) आसपास गाणी आणून ठेवतात. तुम्ही उणे ८ वर ठोकलेलं गाणं ते सहा डीबीने उतरवतील आणि चेपलेला पखवाज तेवढा शिल्लक राहील. रीपर रेंडर झाल्यावर एलयूएफएसचा आकडा दाखवतं, तो बघायची सवय लावा.

आता करेक्शन मास्टरवर असेल तर. काही जण मुद्दाम तसं करतात, की मी जे ऐकलं तेच लोकांनाही ऐकू जावं. हे उलटं पडतं. ती दुरुस्ती तुमच्या हेडफोनच्या दोषांची आहे. ऐकणाऱ्याच्या कानात दुसरेच हेडफोन आहेत, त्यांना त्या दुरुस्तीची गरज नाही, उलट तिचा त्रास होतो. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा घालण्यासारखं आहे ते. एक्सपोर्टच्या वेळी ती बंदच हवी.

इथपर्यंतचा हिशेब: ऑफलाइन आणि ऑनलाइन फाईली एकमेकींना शून्य करतात का ते बघितलं, करेक्शन काढून मास्टरचा आकडा बघितला. दोन्ही ठीक निघाले, तर फाईल निर्दोष आहे. मग दुसरी शंका, ऐकण्याची वाट.

रीपर तुमच्या इंटरफेसशी एएसआयओ ड्रायव्हरने, म्हणजे विंडोजच्या मिक्सरला वळसा घालून, थेट बोलतं. तीच फाईल तुम्ही विंडोजच्या प्लेयरवर लावता तेव्हा ती विंडोजच्या स्वतःच्या मिक्सरमधून जाते. तिथे सॅम्पल रेट बदलू शकतो आणि बऱ्याच लॅपटॉपवर आवाज खुलवणारी प्रक्रिया आधीपासून सुरू असते. लाउडनेस इक्वलायझेशन नावाचा एक पर्याय तर हळू भाग उचलतो आणि मोठे भाग दाबतो. अभंगातला चढ-उतार त्यात पार सपाट होतो. साउंड सेटिंगमध्ये जाऊन तुमच्या आउटपुटवरचं ऑडिओ एन्हान्समेंट बंद करा. फोनवरही डॉल्बी किंवा इक्वलायझर चालू नाही ना, बघा. याहून सोपी खूण हवी असेल तर वेव्ह फाईल कोऱ्या रीपर प्रोजेक्टमध्ये टाकून त्याच हेडफोनवर, करेक्शन चालू ठेवून ऐका. तिथे ती मिक्ससारखीच वाजली, तर फाईलचा दोष नाही हे नक्की.

ऐकताना आवाजाची पातळी जुळवल्याशिवाय मत बनवू नका. १९३३ साली बेल लॅबोरेटरीजमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी कानाच्या संवेदनशीलतेचे आलेख मांडले. त्यातली आपल्या कामाची गोष्ट अशी की आवाज हळू असला की कानाला खर्ज सगळ्यात जास्त कमी वाटतो, आणि टोकाचे तार आवाजही काही प्रमाणात कमी होतात. हेडफोनवर जोरात मिक्स केलं, फोनवर हळू ऐकलं, की त्याच फाईलमधला पखवाजाच्या धुमेचा (खर्जाच्या बाजूचा) घुमारा हरवतो. एक-दीड डीबीचा फरकसुद्धा मोठा आवाज ‘चांगला’ असल्याचा भास करून देतो.

तुम्ही लिहिलंय की ऐरोलीहून ठाण्याला येताना लोकलमध्ये ब्लूटूथवर ऐकून तपासता. लोकलची घरघर खर्जातच असते आणि ती पखवाजाच्या धुमेला गिळून टाकते. तिथे ऐकून पखवाज वाढवलात, तर घरी तो बुवांच्या अंगावर येईल. शिवाय ब्लूटूथवर फाईल पुन्हा एकदा कॉम्प्रेस होते. एमपीथ्रीवर आणखी एक कॉम्प्रेशन चढतं आणि त्यातही टाळांचंच जास्त नुकसान होतं. आणि ब्लूटूथ हेडफोनचा माइक एखाद्या अॅपने चालू केला, तर आवाज फोनकॉलच्या दर्जावर घसरतो. लोकलमध्ये शब्द समजतात का एवढंच तपासा, बाकी निर्णय घरी घ्या.

टाळांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण एमपीथ्रीची खरी परीक्षा तेच घेतात. सतारीचा किंवा पेटीचा सूर ओळीने लागलेल्या स्वरांशांचा असतो, तो कमी जागेत नोंदवता येतो. टाळाचा नाद तसा नाही. धातूच्या कडेवरून निघणारे असंख्य स्वरांश एकमेकांत मिसळलेले, वरच्या फ्रिक्वेन्सीत दूरवर पसरलेले, आणि सुरुवात एकदम टोकदार. एमपीथ्री आवाजाचे ११५२ सॅम्पलचे तुकडे करते. ४४.१ किलोहर्ट्झला असा एक तुकडा साधारण २६ मिलिसेकंदांचा होतो. टोकदार ठोका तुकड्याच्या मध्यावर पडला, तर त्याची चूक त्याच्या आधीच्या शांततेतही पसरते आणि टाळ पडण्याच्या आधी हलकीशी फुसफुस ऐकू येते. १२८ च्या बिटरेटला साधारण १६-१७ किलोहर्ट्झच्या वरचं सहसा कापलंच जातं आणि उरलेल्यात टाळ पाण्यात बुडवून वाजवल्यासारखे लागतात. ३२० ला हा त्रास फार थोडा उरतो. म्हणून ३२० वरही टाळ चरचरत असतील, तर दोष एमपीथ्रीचा नाही, मागे वळून मास्टरचा मीटर बघा.

तुमची स्वतःची एमपीथ्री तपासायची तर तीच वेव्ह आणि तीच एमपीथ्री एकाच लेव्हलला, डोळे मिटून, कुणाला तरी बदलायला सांगून ऐका. एमपीथ्री वेव्हमधून वजा करून ‘बघा किती गेलं’ असं दाखवणारे असतात, त्यांच्या नादी लागू नका. एमपीथ्रीत फाईलच्या सुरुवातीला थोडा उशीर घुसतो, त्यामुळे ती वेव्हवर बरोबर बसतच नाही. आणि बसवली तरी उरलेला आवाज बराचसा असा असतो की मोठ्या नादाखाली तो कानाला मुळात ऐकू येणार नव्हता. एमपीथ्रीची सगळी रचनाच त्यावर उभी आहे.

मंडळींना फाईल पाठवताना व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मग ती आहे तशी पोहोचते. व्हिडिओ करून पाठवलीत तर आवाज पुन्हा दाबला जाईल. यूट्यूबवर चढवताना व्हिडिओत वेव्हच घाला, एमपीथ्री नको, कारण यूट्यूब त्याचं पुन्हा कॉम्प्रेशन करणारच आहे. व्हिडिओसाठी ४८ किलोहर्ट्झ, नुसत्या गाण्यासाठी ४४.१ चालेल. दोन्हींत दर्जाचा फरक शोधत बसू नका. फक्त एका दराची फाईल दुसऱ्या दराची समजून वाजली, तर गोंधळ होतो: ४८ ची फाईल ४४.१ ने वाजली की सूर दीड सेमिटोनच्या, म्हणजे पेटीवरच्या दीड पट्टीच्या, जवळपास उतरतो. काळी एकमध्ये गायलेला अभंग पांढरी एक आणि खालची पांढरी सात यांच्या मधे कुठेतरी लोंबकळतो. तसं काही झालं तर पेटी घेऊन बसा, लगेच कळेल. २४ बिटवरून १६ बिटवर जायचं असेल तेव्हाच डिथर, आणि तेही एकदाच, शेवटी.

फोनच्या बारीक स्पीकरवर आणि मंडपातल्या स्पीकरवर बऱ्याचदा मोनोच (डावं-उजवं एकत्र) ऐकू येतं, हेही धरून चाला. पेटी किंवा मागची साथ रुंद करायला स्टिरिओ वाढवणारं प्लगइन लावलं असेल, तर मोनोत त्यातला काही भाग एकमेकांना खातो. फोनवर पेटी गायब झाल्यासारखी वाटते आणि माणूस एक्सपोर्टला दोष देतो. मास्टर मोनो करून एकदा पूर्ण अभंग ऐका. जो ट्रॅक खाली जाईल त्याच्यावरचं ते प्लगइन काढा. गणपतीत हेच गाणं मंडपात वाजणार असेल तर हे सोडू नका.

क्युबेस किंवा लॉजिक वापरणाऱ्या कुणाला हेच विचारायचं असेल तर तत्त्व तेच, जागा वेगळ्या. नॉर्मलाइझ चालू राहिलं तर फाईलची लेव्हल आपोआप बदलते, ते बंद ठेवा. निवड शेवटच्या ठोक्यावर संपत असेल तर रिव्हर्बची शेपटी कापली जाते, शेवटी चार-पाच सेकंद मोकळे सोडा. चुकून सोलो राहिलेला ट्रॅक आणि चुकून म्यूट राहिलेला ट्रॅक, दोन्ही एक्सपोर्टच्या आधी डोळ्यांखालून घाला.

आणखी एक चाचणी सुचवतो, कारण करेक्शनवर विश्वास किती ठेवायचा हे तिच्यावर ठरेल. चांगल्या स्टुडिओत झालेला, तुम्हाला पाठ असलेला एखादा अभंग सीडीवरून घ्या. तुमच्या मिक्सच्या लेव्हलला जुळवा. करेक्शनसह हेडफोनवर ऐका, मग फोनवर. तोही फोनवर तेवढाच बसका झाला, तर फोन तेवढाच आहे, तुमचं मिक्स ठीक आहे. तो टिकला आणि तुमचं कोसळलं, तर बहुधा खर्जात किंवा तारेत तुमच्याकडून तोल ढळतोय, आणि मग तो अभंग समोर ठेवूनच मिक्स करा.

हे सगळं एकदम करू नका. आधी करेक्शन बंद करून मास्टरवरचा आकडा वाचा, मग ट्रॅक उतरवून तोच अभंग पुन्हा काढा आणि जुन्या फाईलशी ताडून बघा. टाळ स्वच्छ झाले आणि बुवा तरीही मागेच राहिले, तर लिमिटर किती डीबी दाबतोय ते आणि बुवांच्या ट्रॅकवर कोणकोणती प्लगइन कोणत्या क्रमाने आहेत ते लिहून पाठवा. त्यावरून पुढचं सांगता येईल.